झाकून बघितल्याशिवाय कळत नाही

पोरी, परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा बोलण्याआधी तू रडलीस. शाळेत घालायच्या आधी सहज म्हणून डोळे तपासायला नेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा आळशी आहे. ‘साडेचार वर्षं माझ्या मांडीवर वाढला, मावशी, आणि मला आईला कळलं कसं नाही?’ हे तू तीनदा विचारलंस. घरात पाहुणे होते, मी धड बोलले नाही. म्हणून आज सगळं लिहून पाठवते. जपून ठेव, जावेलाही वाचायला दे.

तुला कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही दिसतच नव्हतं. त्याचा उजवा डोळा चांगला आहे. त्या एका डोळ्यावर तो जमिनीवर पडलेला साबुदाण्याचा दाणा उचलतो, गच्चीवरून विमान दाखवतो, चित्राच्या पुस्तकातली मुंगी शोधतो. डावा डोळा लाल नाही, दुखत नाही, वाकडा नाही. आणि लेकराला स्वतःला काही वेगळं वाटत नाही, कारण जन्मापासून त्याला असंच दिसतं. एकतीस वर्षं मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काढली, शाळाशाळांतून हजारो पोरांचे डोळे तपासले. ‘मला या डोळ्यानं कमी दिसतं’ असं आपण होऊन सांगत आलेलं आळशी डोळ्याचं मूल मला एकही आठवत नाही. एकेक डोळा झाकून विचारावं लागतं. झाकून बघितल्याशिवाय हे कळत नाही, आईला नाही आणि डॉक्टरलाही नाही.

तुझ्या धाकट्या मामाचं तुला अर्धंच माहीत आहे. सैन्यभरतीत तो धावण्यात पहिल्या पाचांत आला होता. छाती, उंची, सगळं बसलं. डोळ्याच्या तपासणीत उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या तक्त्यावर त्याला वरच्या मोठ्या अक्षराखेरीज काही वाचता येईना. एकोणीस वर्षांचा होता. घरी येऊन तो आईला म्हणाला, ‘मला वाटायचं, एका डोळ्यानं सगळ्यांना असंच दिसतं.’ त्यानंतर त्यानं शेती केली, चांगली केली. पण पुढच्या खेपेला घरी गेलीस की त्याला चहा ओतताना बघ. किटलीची तोटी तो आधी कपाच्या कडेला टेकवतो, टेकल्याची खात्री झाली की मगच चहा सोडतो. दोन्ही डोळे मिळून वस्तू किती लांब आहे याचा जो अंदाज देतात, तो त्याला कधी मिळालाच नाही. मी या नोकरीकडे वळले ती त्याच्यामुळे.

आता तुझ्या लेकाला नेमकं काय झालंय ते समजून घे. त्याचा उजव्याचा नंबर प्लस एक आणि डाव्याचा प्लस साडेचार, असं तू सांगितलंस. आपले दोन्ही डोळे आतली भिंगं एकाच मापानं ताणतात. उजव्याला स्पष्ट दिसायला जेवढा ताण लागतो, तेवढ्यावर मेंदू थांबतो. डाव्याला त्याहून खूप जास्त लागतो, तो मिळत नाही. म्हणजे डाव्या डोळ्याच्या पडद्यावर जन्मापासून धूसर चित्र उमटतंय, जवळचंही आणि लांबचंही. दोन पोरं एकदम काहीतरी सांगायला लागली, एक खणखणीत बोलतंय आणि एक बोबडं, तर कामाच्या गडबडीत आई कुणाचं ऐकते? खणखणीत बोलणाऱ्याचं. मेंदू तेच करतो. आणि ज्याचं कुणी ऐकत नाही ते पोर हळूहळू बोलायचंच सोडतं. डोळा तपासला तर आतून-बाहेरून धडधाकट, पण दिसत नाही, याचं कारण हे आहे.

आम्हाला ट्रेनिंगला असताना ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांचं काम शिकवलं होतं. १९६०च्या दशकात त्यांनी मांजरीच्या लहान पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा चांगला, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला दाद देईनात. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर मात्र काही बिघडलं नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. पिल्लांचं वाईट वाटतं, मला तेव्हाही वाटलं होतं. पण लहानपणीच घाई का करायची, याचं उत्तर त्या कामातून मिळालं. मेंदू बघायला शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत, त्यातही सुरुवातीची वर्षं फार मोलाची. तुझा मुलगा साडेचारचा आहे. उशीर झालेला नाही, हे मी तुझं समाधान करायला म्हणत नाही. या वयातल्या मुलांचे डोळे सुधारताना मी पाहिलेत.

शंभर मुलांत साधारण दोन-तीन मुलांना हे असतं. म्हणजे दोन वर्ग धरले तर त्यात एखाद-दुसरं सापडायचंच. कारणं मुख्यतः तीन. तुझ्या मुलासारखा दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक हे एक. तिरळेपणा हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे डोळ्यात उजेडच नीट शिरत नाही, जन्मजात मोतीबिंदू असतो किंवा पापणी बाहुलीवर उतरलेली असते. हे तिसरं सगळ्यांत कमी आढळतं आणि सगळ्यांत घाईचं असतं. तान्ह्या बाळाच्या काळ्या बाहुलीत पांढुरकं काही दिसलं, तर बारशाचीही वाट बघायची नाही. जन्मजात दाट मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झालं तर डोळ्याला खरी आशा असते.

तिरळेपणाबद्दल मात्र मला जरा रागावूनच लिहायचंय. ‘चकणं पोर नशीबवान असतं, दाखवू नका कुणाला’ हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की कान किटले. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे मधूनच इकडेतिकडे फिरले तर चालतं. त्यानंतरही डोळा वळत असेल, किंवा त्याआधी सतत एकाच बाजूला असेल, तर दाखवायलाच हवं. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबलं की वळलेला डोळा मेंदू बंद करून टाकतो. आणि ऑपरेशन करून डोळा सरळ केला म्हणजे नजर आली, असंही नाही. सरळ करणं वेगळं, बघायला शिकवणं वेगळं. बहुतेक वेळा आधी शिकवतात, मग सरळ करतात. काही बाळांचं नाक रुंद असतं आणि नाकाजवळची कातडी डोळ्यावर थोडी आलेली असते, म्हणून डोळे नुसते तिरळे भासतात. त्यांच्या समोर हातभर अंतरावरून बॅटरी धर. दोन्ही बाहुल्यांत उजेडाचा ठिपका एकाच जागी चमकला तर बहुधा डोळे सरळच आहेत. पण हा निकाल घरी द्यायचा नाही, डॉक्टरांकडून शिक्कामोर्तब करून घ्यायचं.

तिरळ्या मुलाचं एवढं तरी होतं की कुणाच्या तरी लक्षात येतं. तुझ्या लेकासारखी सरळ, सुंदर डोळ्यांची मुलंच मागे राहतात.

म्हणून घरच्या घरी बघायच्या दोन-तीन गोष्टी सांगते. तू तर डॉक्टरांकडे पोचलीस, पण जावेचं बाळ आहे, शेजारच्या मुली आहेत, त्यांना सांग. तान्ह्या बाळाला आवाज न करणारं, रंगीत खेळणं दाखवायचं आणि तळहातानं एकदा हा, एकदा तो डोळा झाकायचा. एक डोळा झाकला की बाळ खुशाल खेळतं आणि दुसरा झाकला की हात झिडकारतं, रडतं, मान वळवतं, तर ज्या डोळ्यावर हात ठेवल्यावर ते चिडलं तो त्याचा चांगला डोळा. दुसऱ्यात काहीतरी उणं आहे. तीन वर्षांपुढच्या मुलाला भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर लांब उभं करायचं, आणि आकडे येत नसले तर चित्रं दाखवायची. झाकायला पुठ्ठा घ्यायचा किंवा आपला तळहात. मुलाची स्वतःची बोटं चालत नाहीत, बोटांच्या फटीतून ते बघतं. दोन्ही डोळ्यांनी सारख्याच अंतरावरून वाचता आलं पाहिजे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत मूल थेट समोर बघत असताना एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं किंवा पिवळट दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. तिथे मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या पडद्याची गाठही असू शकते, आणि गाठ जिवावर बेतते.

शाळेत मी सहा मीटरवर खडूनं रेघ मारायचे. वर्गखोली लहान पडायची, म्हणून व्हरांड्यात. पोरांना आधी सांगायचे, रेघेवर अंगठा ठेवायचा, हलायचं नाही. चांगल्या डोळ्यानं घडाघडा सांगणारं पोर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी काय करतं माहीत आहे? आधी मान किंचित वळवून पुठ्ठ्याच्या कडेनं बघायला जातं. मी पुठ्ठा दाबून धरला की मग पाय सरकतो. अंगठा रेघेच्या पुढे, मग चवडा, मग पुरतं पाऊल. तोंडानं ‘दिसतंय’ म्हणत असतं आणि पाय सांगतो की दिसत नाही. मी तक्त्याकडे कमी आणि पायाकडे जास्त बघायचे. आणखी एक. रांगेत मागे उभी असलेली मुलं तक्ता पाठ करतात, त्यात खोटेपणा नसतो, त्यांना वाटतं ही परीक्षा आहे आणि पास व्हायचंय. म्हणून दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटी वाचायला लावायची. आणि एकेक सुटं अक्षर दाखवून भागत नाही. आळशी डोळा सुटं अक्षर ओळखतो, पण ओळीतल्या अक्षरांत गोंधळतो. तेव्हा तपासणीत पूर्ण ओळ दाखवली ना, हे विचारून घे.

लेकाला डॉक्टरांनी तीन दिवस डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचं मलम घालायला सांगितलं होतं आणि तू ते ‘उगाच त्रास’ म्हणालीस. उगाच नाही ते. लहान मुलांच्या डोळ्यांतले स्नायू इतके दणकट असतात की ते प्लस नंबर लपवून ठेवतात. मशीनवर टेकवून, थेंब न घालता काढलेल्या नंबरावर लहान मुलाचा चष्मा करू नये, हे माझं ठाम म्हणणं आहे. पुढच्या वेळी मलम घालशील तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढंच घाल. थेंब असले तर घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर बोटानं हलकेच दाबून धर, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. आपले हात धुवायचे, मुलाचेही. चेहरा लालबुंद झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. आणि ती बाटली औषधांच्या डब्यात नको, कुलपात ठेव. अ‍ॅट्रोपिन पोटात गेलं तर विषच आहे. बाहुली आठ-दहा दिवस मोठी राहते, उन्हात टोपी घाल, घाबरू नकोस.

६/२४ म्हणजे काय, हेही तू विचारलं होतंस. धड डोळ्याला जे २४ मीटरवरून वाचता येतं, ते त्याच्या डाव्या डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येतं. उजव्याचं ६/९ आहे, ते त्याच्या वयाला अगदी ठीक.

आता इलाज. पहिली गोष्ट चष्मा, आणि चष्मा म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं, आमच्या घरात कुणाला चष्मा नाही, एवढ्याशा जिवाला कशाला. त्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना शेजारी बसव, लेकाचा उजवा डोळा झाक आणि त्याला दारातून त्यांच्या साडीचा काठ ओळखायला सांग. मी हे अनेक आज्यांसमोर केलंय. त्यानंतर चष्मा विसरला की पहिली आठवण आजीच करते.

फ्रेम वाढत्या अंगाची घेऊ नकोस. नाकावरून घसरली की मूल काचेच्या वरून बघतं आणि चष्मा नुसता शोभेचा राहतो. नाकाचा पूल नीट बसला पाहिजे, मागे इलॅस्टिकचा पट्टा हवा, काच न फुटणारी पॉलिकार्बोनेटची हवी. हा खर्च टाळू नकोस. एका डोळ्यावर ज्याची भिस्त आहे, त्याचा तो डोळा जिवापाड जपायला हवा. दिवाळीतले फटाके, विटी-दांडू, दसऱ्याच्या खेळण्यातला धनुष्यबाण, सगळीकडे चष्मा डोळ्यावर. सुरुवातीला तो चष्मा काढून फेकेल, कारण चांगल्या डोळ्याला चष्म्याशिवायही छान दिसतं. त्याला फायदा जाणवणार नाही. फायदा त्याला पटवत बसू नकोस, बूट घालतो तसा चष्मा घालायचा, एवढंच. काच कोरड्या पदरानं पुसायची नाही, आधी पाण्याखाली धरायची.

डॉक्टरांनी पट्टी लगेच न देता सहा आठवड्यांनी बोलावलं, त्यामुळे तू खट्टू झालीस. पण ते बरोबर आहे. नुसत्या चष्म्यानं बऱ्याच मुलांची नजर दोन-तीन ओळी सुधारते, आणि नंबराच्या फरकामुळे आलेला आळशीपणा साधारण चारांतल्या एका मुलाचा चष्म्यानंच पुरता जातो. सुधारणा चालू असेतो वाट बघायची, थांबली की पट्टी.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, हे तुला माहीत आहे, पण घरात सगळ्यांना सांगून ठेव. एका घरी बाबांनी महिनाभर आजारी समजून आळशी डोळ्यावरच पट्टी बांधली होती. खणखणीत बोलणाऱ्याला दोन तास दुसऱ्या खोलीत पाठवायचं, म्हणजे बोबड्याचं ऐकण्यावाचून मेंदूला गत्यंतर राहत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही दिवसभर पट्टी लावायला सांगायचो. लेकरं आणि आया, दोघंही मेटाकुटीला यायची. मग अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोठ्या चाचण्या करून २००३ साली दाखवलं की मध्यम आळशी डोळ्याला दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकंच काम देते, आणि जास्त मंद डोळ्याला सहा तास पट्टी दिवसभराच्या पट्टीइतकी. तुझ्या लेकाचा ६/२४ मध्यमात बसतो, म्हणून बहुधा दोन तासच सांगतील. पण तास डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. आपल्या मनानं वाढवायचे नाहीत, कारण फार वेळ झाकलेला चांगला डोळाही मंदावू शकतो. म्हणून तर ठरल्या तारखेला तपासणी चुकवायची नाही.

पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, कातडीवर चिकटव आणि वरून चष्मा घाल. काचेवर लावली की नाकाच्या बाजूनं फट राहते आणि पोरं त्या फटीतून बघण्यात पटाईत असतात. तयार पॅच महाग पडले तर औषधाच्या दुकानातला मऊ गॉजचा तुकडा आणि मायक्रोपोर टेप पुरते. काढताना कडेला खोबरेल लावून ओलं कर, मग सोल. आधी तेल लावलंस तर चिकटणार नाही. गाल लाल झाला तर जागा थोडी बदल. एप्रिल-मेच्या घामात पट्टी सुटते, तेव्हा सकाळी गारव्यात उरक.

वेळ एकच ठरव. शाळेतून आला, दूध प्यायला, पट्टी. शाळेत लावू नकोस, जमत असेल तर. तिथे मुलं चिडवतात आणि मग तो पट्टीचाच राग धरतो. झोपेतले तास धरायचे नाहीत. पहिला आठवडा-पंधरवडा फार कठीण जातो, कारण तू त्याच्या हातातला चांगला डोळा काढून घेतेस आणि मंद डोळ्यावर सोडतेस. तो अडखळेल, चिडेल, पट्टी ओरबाडेल. त्या दोन तासांत जिना, रस्ता, झोपाळा नको, आणि तू किंवा आजी जवळ हवी. त्याच्या अस्वलाला आधी पट्टी लाव. वापरलेल्या पट्ट्यांवर चित्रं काढून कपाटाच्या दारावर चिकटवायला दे, रोज एक, त्याचं झाड होऊ दे.

मणी ओवायला दे, रांगोळीचे ठिपके जोडायला दे, शेंगदाणे निवडायला दे. पूर्वी आम्ही सांगायचो की बारीक काम केलंच पाहिजे, त्यानं डोळा लवकर सुधारतो. नंतर तपासून पाहिलं तर जवळचं काम केलं काय आणि लांबचं केलं काय, फरक पडला नाही. तेव्हा कामाचा धाक नको, मूल रमलं पाहिजे एवढंच. एखाद्या दिवशी कार्टून लावल्यानं पट्टी दोन तास टिकत असेल तर लाव. पट्टी टिकणं महत्त्वाचं.

आणि वहीत तास लिही, खरे लिही. डॉक्टरांनी विचारलं की आया ‘हो, रोज दोन तास’ म्हणतात, मी टेबलाच्या पलीकडे बसून हे वर्षानुवर्षं ऐकलंय. वहीत चाळीस मिनिटं असतील तर चाळीस सांग. नाहीतर त्यांना वाटेल की दोन तासांनी गुण येत नाही आणि ते चार करतील. तुला कुणी ओरडणार नाही, आणि ओरडलं तरी ऐकून घे, पोराच्या डोळ्याचा प्रश्न आहे.

पट्टी अजिबात जमलीच नाही तर दुसरा मार्ग आहे. चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचा थेंब घालतात, त्यानं त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं आणि मंद डोळा कामाला लागतो. मध्यम आळशी डोळ्यात हा इलाज पट्टीच्या तोडीचा ठरलाय, आणि शनिवार-रविवार थेंब घालूनही रोजच्याइतकाच गुण येतो. डॉक्टरांना विचारून ठेव. गाजर, बदाम, हिरवळीवर अनवाणी चालणं, काजळ, मध, यांनी हा डोळा सुधारत नाही. गाजर-बदाम खुशाल खाऊ दे, पण मध किंवा काजळ डोळ्यात घालू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी.

‘आळशी’ हा शब्द लेकासमोर वापरू नकोस. एका चिमुरडीनं मला विचारलं होतं, ‘मी काय केलं नाही म्हणून माझा डोळा आळशी झाला?’ तेव्हापासून मी मुलांसमोर ‘हा डोळा अजून शिकतोय’ एवढंच म्हणते.

एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. दुसरीत असताना तिचा डोळा मी शाळेत पकडला, चष्मा मिळवून दिला, पट्टी शिकवली. दोन वर्षांनी त्याच शाळेत गेले तर तिच्या डोळ्यावर चष्मा नव्हता. चष्मा घरी ट्रंकेत, कापडात गुंडाळून. मुलीच्या जातीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण, असं घरच्यांचं ठरलं होतं. चौथीतल्या त्या पोरीनं मला कुजबुजत सांगितलं, ‘बाई, मी कधी कधी काढून घालते.’ नजर जिथल्या तिथे होती. मी तिच्या घरी चार वेळा गेले, दारातून परत आले. मुलाला एक न्याय आणि मुलीला दुसरा, एवढं आपल्या घरात होऊ देऊ नकोस.

तुझ्या मोठ्या जावेचा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याचाही डोळा असाच असल्याची शंका तू बोललीस. ‘आता वय गेलं’ म्हणून सोडू नका. सात ते बारा वर्षांच्या मुलांवर उपचार केले तर निम्म्यांच्या आसपास मुलांना गुण येतो. तेरा ते सतरामध्येसुद्धा काहींना येतो, विशेषतः ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नाहीत त्यांना. लहानपणाइतका नाही, पण येतो. आणि गावाकडे आहेत म्हणून अडायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी पोराला लग्नाला किंवा यात्रेला नेऊ नका, शाळेत पाठवा, आणि पथकानं जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली तर ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवू नका.

गुण आला की घरातले सगळे म्हणतील, झालं आता, काढा ती पट्टी. एकदम थांबवू नकोस. पट्टी सोडल्यावर वर्षभरात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते. जास्त तास लावत असाल तर ते हळूहळू कमी करत आणायचे, चष्मा चालूच ठेवायचा, आणि तपासणी आणखी काही वर्षं. पुढे मोठेपणी लेझरनं नंबर काढू म्हणून आता चष्मा टाळायचा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. लेझरनं नंबर जातो, मेंदूनं न शिकलेलं बघणं येत नाही.

आणि तुझी धाकटी. अकरा महिन्यांची झाली ना आता? भावाला आहे म्हणजे तिला असण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त. तिला काही होत नाहीये, ती छान बघते, हे तू मला सांगू नकोस. लेकाची सहा आठवड्यांची तपासणी आहे त्याच दिवशी तिलाही घेऊन जा आणि डॉक्टरांना दोन्ही डोळे थेंब घालून बघायला सांग. थेंब चढायला तास-दीड तास लागतो, तोवर बाळ किरकिर करतं. खिमटाचा डबा, एक जादा झबलं आणि आवाज न करणारं ते लाल खेळणं बरोबर घे.